आबांना मत्स्यालय दाखवायचं आहे : सुरत बरं की अहमदाबाद?

तापीकाठची, अमळनेर

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

माझे वडील, आबा, पंच्याहत्तरीला टेकले. आम्ही भोई. आबांची सगळी हयात तापीवर गेली. पावसाळा ओसरला की जाळं, आणि उन्हाळ्यात नदी आटली की रेतीत टरबूज-डांगराची वाडी. गुडघे गेल्यापासून तीन वर्षं झाली, नदीत उतरलेले नाहीत. ओट्यावर बसून जुन्या जाळ्याची घरं सांधत असतात. ते जाळं आता कोणी पाण्यात टाकणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि आम्हालाही.

माझा मुलगा पाचवीत आहे. त्यानं परवा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. काचेचा बोगदा, लोक मधून चालताहेत आणि डोक्यावरून शार्क जातोय. आबांनी तो चार वेळा पाहिला आणि मला विचारलं, "हाई खरं शे का?" खरं आहे म्हटलं. मग गप्प बसले. रात्री जेवताना पुन्हा तोच विषय. आबांनी समुद्र कधीच पाहिलेला नाही. एवढी वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे एकदा दाखवायचंच, असं मी मनाशी धरलंय.

मी स्वतः लहानपणी शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. पण ते २०२० पासून बंद आहे. म्हणजे आपल्याला जवळचं सुरत, नाहीतर अहमदाबाद. कुणी दोन्ही पाहिली असतील तर सांगा. आबांना सलग फार चालवत नाही. अर्धा तास उभे राहिले की बसावं लागतं.

आणि एक मनातली गोष्ट विचारते. मासे असे कोंडलेले पाहून त्यांना वाईट वाटेल का? आबांनी जन्मभर मासे धरले, विकले, पण जिवंत मासा नुसता बघायला म्हणून ठेवणं त्यांना पटत नाही. मुलानं जत्रेतून दोन गोल्डफिश आणले होते, काचेच्या गोल भांड्यात. मी रोज पाणी बदलायचे, तरी आठ दिवसांत दोन्ही मेले. आबा दोन दिवस नातवाशी नीट बोलले नाहीत. उगाच हौसेनं न्यायचं आणि त्यांचं मन दुखवून आणायचं, असं व्हायला नको.

---

उधनाकर, मूळ दोंडाईचा

ताई, सुरतला या. मी पंधरा वर्षांपासून उधन्यात आहे. इथे अर्धं खान्देशच राहतं, तुम्हाला परकं वाटायचं नाही.

पालला महानगरपालिकेचं जगदीशचंद्र बोस मत्स्यालय आहे. २०१४ साली सुरू झालं. गोड्या पाण्याचे मासे आहेत, समुद्राचे आहेत, आणि शार्कची टाकी दोन मजली उंच आहे. खालून बघा, वरून बघा. दोन-अडीच तासांत निवांत होतं. अमळनेरहून रेल्वेनं अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे वडिलांना प्रवासाचा त्रास कमी. मी आईला नेलं होतं. तिचेही गुडघे असेच. मध्ये तीनदा बसलो, कोणी घाई केली नाही.

फक्त रविवार आणि दिवाळीची सुट्टी टाळा. गर्दीत टाकीपुढे उभं राहायला मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला धक्काबुक्की सोसत नाही. उतरायची सोय नसेल तर इथे कळवा, मी बघतो.

---

पांझराकाठ, धुळे

ताई, मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दोन्ही मत्स्यालयं पाहिली आहेत, अहमदाबादचं दोनदा. माझं मत अहमदाबादकडे आहे. कारण सांगतो.

तुमच्या आबांनी व्हिडिओत बोगदा पाहिला आणि त्यांच्या मनात तोच बसलाय. अहमदाबादच्या सायन्स सिटीतल्या ॲक्वाटिक गॅलरीत तसा बोगदा आहे, २८ मीटर लांब. ही गॅलरी जुलै २०२१ मध्ये उघडली. ६८ टाक्या, १८८ जातींचे मासे आणि जलचर, संख्या अकरा हजारांच्या वर. पेंग्विनही आहेत, नातू खूश होईल. पण मला तिथली मांडणी जास्त आवडली. भारत, आशिया, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे विभाग केलेत. भारतीय विभागात आपल्या नद्यांतल्या माशांचे भाऊबंद भेटतात. लोक तिथे फार थांबत नाहीत, शार्ककडे पळतात. तुम्ही मात्र आबांना तिथे मुद्दाम थांबवा. नदीचा माणूस नदीपासूनच सुरू झाला पाहिजे, मग समुद्र.

चालण्याचं म्हणाल, तर सायन्स सिटीचं आवार १०७ हेक्टरचं आहे. सगळं बघायचा मोह धरू नका. आत शिरा आणि थेट ॲक्वाटिक गॅलरीत जा, बाकीची दालनं सोडून द्या. गेटवरच व्हीलचेअरची चौकशी करा. आबा आधी नको म्हणतील. माझे वडीलही म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं, खुर्ची चालायला नाही, टाकीसमोर बसून बघायला घेतली आहे. मग बसले. टाकीच्या काचा खालपर्यंत असतात, त्यामुळे बसलेल्या माणसाला उभ्या माणसापेक्षा खालचे, तळाशी राहणारे मासे जास्त चांगले दिसतात.

आता बोगद्याबद्दल थोडं, कारण आबा विचारतीलच. ती काच नसते, ॲक्रिलिक असतं. जाड, वाकवता येणारं, आणि कितीही जाड केलं तरी काचेसारखं हिरवट न होणारं. एवढं पाणी पेलायला ते लागतं. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. आणि एक गंमत मुलाला दाखवा. सपाट काचेच्या टाकीत मासा प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा जवळ आणि मोठा वाटतो, कारण प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो. तीन फूट आत असलेला मासा सव्वादोन फुटांवर असल्यासारखा दिसतो. गोल बोगद्यात उलट, मासा थोडा लहान भासतो. त्यामुळे डोक्यावरून जो शार्क जाताना दिसेल, तो खरा त्याहून मोठा आहे असं समजा.

एखादा शार्क तळाशी निपचित पडलेला दिसला तर आबांना तो आजारी वाटेल. तसं नसतं. काही जातींना श्वासासाठी सतत पोहावंच लागतं, काही जाती मात्र तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांतून सोडत तळाशी आरामात पडून राहतात.

नातवाला फ्लॅश मारू देऊ नका आणि काचेवर टकटक करू देऊ नका. बहुतेक माशांना पापण्या नसतात, डोळा मिटता येत नाही. सोमवारी सायन्स सिटी बंद असते. तो दिवस सोडून बाकी कधीही जा, पण सकाळी दार उघडतानाच जा.

---

काचपेटी, जळगाव

ताई, बाकी सगळं सरांनी सांगितलं. मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण माझं पोट त्याच धंद्यावर आहे. जळगावात माझं शोभेच्या माशांचं छोटं दुकान आहे.

आधी त्या दोन गोल्डफिशबद्दल. तुमच्या मुलाची त्यात काही चूक नाही, तुमचीही नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो, तो त्याचा त्यालाच विष असतो. मुरलेल्या टाकीत गाळणीवर आणि रेतीत जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते माशाला बरंच सोसतं. हे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. जत्रेतल्या त्या गोल भांड्यात ना गाळणी, ना जिवाणू, ना हवा. वरून तुम्ही रोज नळाचं क्लोरीनचं पाणी बदलत राहिलात. मासा जगणार कसा? मी दुकानात ती गोल भांडी ठेवणं कधीच बंद केलं. गिऱ्हाईक मागतं, मी देत नाही. पंधरा-वीस रुपयांचा मासा आहे म्हणून त्याला आठ दिवसांत मारायचं, हे मला जमत नाही.

मी हे शिकलो ते नुकसान सोसून. एका मे महिन्यात, जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे, रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि हवेचे पंप बंद. मी पातेल्यानं पाणी उपसून वरून ओतत होतो, एका टाकीकडून दुसरीकडे. सकाळी बावीस टाक्यांतल्या चार वाचल्या. मासे पाण्यावर आडवे, तोंडं उघडी. त्या दिवसापासून आधी बॅटरीचे पंप घेतले, मग बाकीचं.

म्हणून मोठ्या मत्स्यालयात गेलो की मी माशांकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघतो. अहमदाबाद समुद्रापासून लांब आहे. अशा ठिकाणी खारं पाणी तयार करावं लागतं. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे हजार लिटरला ३५ किलो. मग ते दिवसरात्र फिरवायचं, रेतीच्या गाळण्या, फेस काढून घाण वेगळी करणारी यंत्रं, ओझोन. नवा मासा आला की सरळ मोठ्या टाकीत नाही, आधी काही आठवडे वेगळा ठेवून रोग आहे का बघायचं. जेलीफिशची टाकी तर बिनकोपऱ्याची, गोल फिरत्या पाण्याची करावी लागते, कारण कोपऱ्यात अडकली तर ती फाटते. जिथे एवढं केलेलं असतं तिथला मासा आणि जत्रेतल्या भांड्यातला मासा, दोघांचं जगणं वेगळं.

कोंडलेला आहे, हे खरंच. ते मी नाकारणार नाही. पण आबांना पाणी कळतं. ते पाणी बघतील आणि त्यांचं ते ठरवतील. तुम्ही आधीपासून त्यांना काही समजावू नका.

---

तापीकाठची, अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. उधनाकर दादा, तुमचं बोलावणं लक्षात आहे, त्याबद्दल नंतर लिहिते. आम्ही अहमदाबादला जाऊन आलो. मी, मुलगा आणि आबा. काय काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नंदुरबारला माझी बहीण असते, तिच्याकडे एक रात्र राहून नवजीवन एक्सप्रेस धरली. बहिणीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. आबांना खिडकी दिली. नवापूर, सोनगढ, व्यारा, सगळं डोळे लावून बघत होते. सुरत सोडलं की लगेच गाडी एक मोठा पूल ओलांडते. आबांनी विचारलं, "हाई कोन्ती नदी?" मी म्हटलं, आबा, तापी आहे. त्यांना खरं वाटेना. आमच्या गावाजवळ उन्हाळ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यातून पार होता येतं, आणि इथे दोन्ही काठांना इमारती, भरून पाणी. आबांनी हात जोडले. पूल संपला तरी जोडलेलेच होते. पुढे भरूचला नर्मदा आली तेव्हाही बाहेर बघितलं, पण मन मागेच होतं.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर गेलो. सर, खुर्चीचं तुम्ही सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं वापरलं. आबा बसले.

भारतीय विभागात आधी गेलो, तुम्ही म्हणालात म्हणून. पहिल्या दोन-तीन टाक्यांपाशी आबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, त्यांना आवडलं नाही. मग एका टाकीत शिंगाळ्याच्या जातीचा एक मिशाळ मासा दगडाआड होता. मुलाला दिसेना. आबांनी बोटानं दाखवलं. "मिशा हालतीस ना, तठे देख." मुलगा म्हणाला, मिशा कशाला असतात आबा? आणि आबा जे सुरू झाले! रात्री गढूळ पाण्यात हा मासा मिशांनी चाचपत खातो, याच्या पाठीवरचा काटा हातात घुसला तर तास-दोन तास ठणका जात नाही, धरायचा तर डोक्यामागून कसा धरायचा, पुराचं नवं पाणी आलं की कुठल्या वळणावर येतो. मागे एक गुजराती कुटुंब उभं होतं. त्यातल्या आजोबांना अहिराणी कळत नव्हती, तरी ते आबांच्या हाताकडे बघत ऐकत राहिले. आबांच्या उजव्या तळहातावर त्या काट्याची जुनी खूण आहे. मी जन्मभर ती पाहिली होती, कशाची ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे अमेरिकेच्या बाजूला एका मोठ्या टाकीत एक लांबच लांब मासा होता. माणसाहून लांब. डोकं चपटं, अंगावर रुपयाहून मोठाले खवले, शेपटीकडे लालसर. सगळे त्याची लांबी बघत होते. आबा नुसते बघत बसले. थोड्या वेळानं तो वर आला, तोंड पाण्याबाहेर काढून गुळकन हवा घेतली आणि खाली गेला. आबा म्हणाले, "हाऊ ते मरळनामायक. दम लेवाले वर येस." म्हणजे हा आपल्या मरळ माशासारखा, श्वास घ्यायला वर येतो. मी म्हटलं, आबा, मासे पाण्यातच श्वास घेतात. ते म्हणाले, थांब, पुन्हा येईल. आम्ही थांबलो. दहा-बारा मिनिटांनी तो खरंच आला. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी त्यांना खात्री होती. पाटीवरचं नाव मी लिहून घ्यायला विसरले. सर, तुम्हाला सांगता येईल का?

मग बोगदा. सर, काचपेटी दादा, ही गोष्ट मी घरी आल्यावरही कोणाला नीट सांगू शकले नाही, इथे लिहून बघते. बोगद्याच्या तोंडाशी आबा म्हणाले, खुर्ची राहू दे, चालतो. माझा दंड धरून उठले. दोन पावलं आत गेलो. निळा उजेड आणि वर पाणी. मला जाणवलं की आबांचा श्वास ऐकू येत नाहीये. बघते तर गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. आबांनी दम धरला होता! आयुष्यभर डोक्यावर पाणी आलं की दम धरायचा, अडकलेलं जाळं खडकातून सोडवायचं, कानात दडे बसायला लागले की वर यायचं. अंगानं तेच केलं. मी म्हटलं, आबा, सोडा, इथे हवा आहे. त्यांनी सोडला. मग एक मोठा श्वास घेतला आणि वर बघितलं. नेमका तेव्हाच शार्क वरून गेला, पांढरं पोट, कल्ल्यांच्या चिरा एकेक मोजता येतील इतका जवळ. आबा मोठ्यानं म्हणाले, "माय वं!"

"तळाला बसी देखानी गोट नही ही," असं काहीसं पुटपुटले. म्हणजे तळाशी एवढा वेळ राहून बघायला मिळेल असं कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी तापीचा तळ कितीदा पाहिला असेल, पण एका दमात जेवढा दिसेल तेवढाच. बोगद्याच्या मधोमध कडेला टेकून ते उभे राहिले. मी घड्याळ पाहिलं नाही. एका माशाच्या पोटाला खाली दुसरा छोटा मासा चिकटला होता, तो मुलानं शोधला. मोठ्या माशाच्या अंगावर राहून फुकटचा प्रवास करणारा. ते पाहून आबा आणि नातू दोघंही हसले.

आबांनी एक प्रश्न विचारला, तो इथे विचारते. शार्क आजूबाजूच्या बारक्या माशांना खात का नाही? आणि पाण्याची धार त्यांनी बरोबर पकडली. बारीक कचरा एकाच बाजूनं वाहत होता, तो बघून म्हणाले, "आठलं पाणी उभं नही, चालतं शे." काचपेटी दादा, तुम्ही म्हणाला होतात की ते पाणी बघतील. तसंच झालं.

मुलाला पेंग्विन सगळ्यात आवडले, त्यावर मी जास्त लिहित नाही, त्यानं वहीत चार पानं लिहिलीत.

कोंडलेल्या माशांचं मी मुद्दाम विचारलं नाही. परतीच्या गाडीत आबा स्वतःच बोलले. म्हणाले, त्या लांब माशाला टाकी लहान पडते, वळताना शेपूट काचेच्या फार जवळ येतं. बाकीच्यांचं ठीक आहे. "पन तेस्ले सांग, हाऊ मासाले आखो जागा द्या." मी कोणाला सांगणार? म्हणून निदान इथे लिहिलं.

---

पांझराकाठ, धुळे

ताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं, मग घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

वर्णनावरून तो आरापाइमा. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला, गोड्या पाण्यातल्या सर्वात मोठ्या माशांपैकी एक. आबांनी मरळशी जोडला ते अगदी बरोबर. मरळीला कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असते, म्हणून ती आटलेल्या डबक्यातल्या चिखलातही तग धरते आणि बाजारात टोपलीत तासन्‌तास जिवंत राहते. आरापाइमात तेच काम त्याची हवेची पिशवी करते, ती आतून फुप्फुसासारखी झालेली असते. साधारण दहा-वीस मिनिटांनी त्याला वर यावंच लागतं. नाही येऊ दिलं तर तो पाण्यात बुडून मरतो. तिथले कोळी नेमकी त्याच्या वर येण्याचीच वाट बघत नावेत थांबतात. एक नदी सातपुड्याच्या पायथ्याशी आणि एक पृथ्वीच्या पलीकडे, पण दोन्हीकडचा कोळी त्याच एका क्षणाकडे डोळे लावून बसतो. हे मी इतकी वर्षं वर्गात शिकवू शकलो असतो, सुचलं नाही.

---

काचपेटी, जळगाव

आबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. शार्कला ठरलेल्या वेळी मोजून खायला घालतात, त्यामुळे तो उपाशी नसतो, आणि पोट भरलेलं असताना तो उगाच मागे धावत नाही. तरी एखादा बारका मासा कधी जातोच. म्हणून टाकीत कोणाला कोणासोबत ठेवायचं याचा हिशेब आधी करतात.

टाकी लहान पडते, हे आबांचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलंय. माझ्या दुकानात एक मोठा मासा आहे, ऑस्कर. दोन वर्षं त्याच टाकीत आहे. काल रात्री त्याला वळताना बघत बसलो. या आठवड्यात त्याला दुप्पट लांबीच्या टाकीत हलवतोय. मुलाला पुन्हा मासे पाळायचे असतील तर जळगावला घेऊन या. टाकी आधी महिनाभर मुरवायची, मासे नंतर. आबांनाही आणा, मला त्यांना भेटायचं आहे.

---

तापीकाठची, अमळनेर

दादा, नक्की येऊ. आबांना तुमचा निरोप वाचून दाखवला. ऑस्कर म्हणजे कसा मासा, ते विचारताहेत.

आता उधनाकर दादांना. त्या पुलावरून तापी पाहिल्यापासून आबांच्या डोक्यात एकच घोळतंय. काल सकाळी जाळं बाजूला ठेवून मला म्हणाले, "तापी समुद्रले जठे मिळस, तठे माले लई चाल." मुलताईला तापी उगवते हे त्यांना माहीत आहे, एकदा जाऊन आलेत. पण ती संपते कुठे ते पाहिलेलं नाही. तुमचं पालचं मत्स्यालय आणि हे, एका दिवशी दोन्ही होईल का? आबांना वाळूतून फार चालता येणार नाही.

---

उधनाकर, मूळ दोंडाईचा

ताई, एका दिवशी दोन्ही नका करू. एक दिवस पाल, दुसऱ्या दिवशी डुमस. मुखाजवळचा किनारा तोच. गाडी बरीच पुढपर्यंत जाते, वाळूत जास्त चालावं लागणार नाही. भरतीची वेळ मी आदल्या दिवशी बघून ठेवतो. ओहोटीला आलात तर नुसता चिखल दिसेल. भरतीला समुद्राचं पाणी नदीत उलटं चढतं, ते आबांना दाखवायचं आहे. मुक्काम आमच्याकडे. आई शेवभाजी करेल.